मीठ पडण्याआधी

बांबोळी. पहाटेचे तीन वाजून दहा.
यंत्राच्या पोटात नळ्या फिरतायत,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि ती बादली ओतायची पाळी आज माझी.

नळी चारशे सतरा.
शांबा मळीक, वय एकोणसाठ, आगरवाडा.
मानशीपाशी कालवाच्या शिंपीनं टाच कापली.
पाच दिवस हळद,
दोन दिवस मेडिकलवाल्यानं दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या,
मग हुडहुडी, मग एकशे आठ.

न्यूट्रोफिल एक्क्याण्णव.
लिम्फोसाइट पाच.
सीआरपी दोनशे बारा.
क्रिएटिनिन एक पूर्णांक एक,
रेघेच्या आत, म्हणून त्याच्यापुढे
यंत्र चांदणी छापत नाही.

क्रिएटिनिन तसं सज्जन आहे,
फक्त उशिरा येतं.
घर जळून गेल्यावर दोन दिवसांनी
दारात उभं राहून विचारतं, काय झालं हो?
रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र
धूर दिसायच्या आधीच धावत सुटलेल्या.

एक्क्याण्णव भागिले पाच.
या भागाकाराला आमच्या फॉर्मवर चौकट नाही.
फोन्सेका सरांनी निवृत्त होताना
मला त्यांचं स्टूल दिलं आणि ही सवय दिली.
मी समासात पेन्सिलीनं लिहिते : अठरा.
पेन्सिलीनं, कारण शाईची मला परवानगी नाही.

खिडकीशी त्याची मुलगी, पायांत अजून चिखल.
मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलत राहिली
(रात्री इथे माणसं खिडकीशी बोलतात) :
बाबा पाण्याकडे बघून सांगतो.
उदक तांबशें जालें म्हणटकच मीठ आयलें.
आम्हाला नुसतं पाणी दिसतं,
तो फावडं धुवून ठेवतो.
कधी चुकतो?
चुकतो की. वारा फिरला तर.

मी वॉर्डात फोन लावला.
डॉक्टर एव्हलिना फुर्ताद, आवाजात छत्तीस तासांची झोप.
पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना?
आहे, म्हटलं. आज.
पलीकडे कुणाचा तरी मॉनिटर वाजत होता.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
मग : त्या गोळ्या कुठल्या होत्या, मुलीला विचार.
सिस्टर, सलाईन. आणि लघवी दर तासाला मोजा,
हो, दर तासाला, लिहून ठेवा.

खरं सांगायचं तर
गेल्या महिन्यात कुंकळ्ळीच्या एका बाईचं बावीस होतं.
तिची लघवी अडसराच्या पाण्यासारखी राहिली,
आठव्या दिवशी चालत घरी गेली.
आणि वास्कोचा पोरगा, ज्याचं फक्त चार,
त्याला डायलिसिसच्या खोलीत नेताना
लिफ्टमध्ये मीच बाजूला सरले होते.
म्हणजे अठरा हे भाकीत नाही.
अठरा म्हणजे पाण्याचा रंग.
वारा कुठून येणार आहे
हे यंत्राला माहीत नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी एक पूर्णांक आठ.
तिसऱ्या दिवशी दोन पूर्णांक सहा, आता चांदणीसकट.
चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती.
घरी तांदूळ निवडताना मी फोनकडे तीनदा पाहिलं,
जणू तो माझा कुणी लागतो.

पाचव्या दिवशी दोन पूर्णांक सहाच.
चढलं नाही. उतरलंही नाही.
भरतीचं पाणी मानशीच्या फळीशी थांबावं तसं.
आम्ही लवकर कळवलं म्हणून,
की त्याचं मूत्रपिंड मुळातच चिवट,
की नशीब? फॉर्मवर यालाही चौकट नाही.

संध्याकाळी मुलगी पुन्हा खिडकीशी.
आता पाय धुतलेले, हातात स्टीलचा डबा.
पेज आणलीय बाबाला, म्हणाली.
घरचंच मीठ आहे, चिमूटभर.
घालू का?

दहा फूट मागे यंत्र पुढची नळी ओढत होतं.
मी म्हटलं, वॉर्डात विचार.
ती डब्याचं झाकण लावत राहिली,
नीट बसेना ते.